श्वानाची वर्दी

शिरूर अनंतपाळ हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील रस्त्यावरून गुरे रानाकडे जातात, शेळ्यांचे कळप जातात, मोटारीही धावतात. ओट्यावर पहुडलेला पाळीव कुत्रा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण ही सारी त्याच्या नित्य परिचयाची असतात. परंतु त्याच रस्त्यावर एखादे दिवशी फिरस्त्यांचा उंट आला, तर चित्र पालटते. उंट अजून वळणापलीकडेच असतो. माणसांना त्याची चाहूलही लागलेली नसते. कुत्रा मात्र ताडकन उठतो, कान टवकारतो आणि हवा हुंगू लागतो. त्याच्या मानेवरील केस ताठ उभे राहतात. मग भुंकण्यास प्रारंभ होतो. एकाचे ऐकून दुसरा, दुसऱ्याचे ऐकून तिसरा, असे करता करता साऱ्या आळीला वर्दी पोहोचते.

माणसाच्या आधी कुत्र्याला हे कसे कळते? मनुष्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहूनही अधिक असू शकतात. वारा अनुकूल असला, की अनोळखी प्राण्याचा गंध त्या प्राण्याच्या आधी येऊन पोहोचतो. कानांचेही तसेच. मनुष्याला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजार कंपनांपर्यंतचा.

काही जातींची नजरही विलक्षण असते. लातूर जिल्ह्यातीलच चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांब पाय, निमुळते तोंड आणि सडपातळ बांधा असलेली ही कुत्री गंधापेक्षा नजरेवर अधिक भिस्त ठेवतात. दूरवर झालेली किंचित हालचाल त्यांच्या ध्यानात येते.

कुत्र्याचे भुंकणे हा निरर्थक गोंगाट नव्हे. हंगेरी देशातील संशोधकांनी निरनिराळ्या प्रसंगी भुंकणाऱ्या कुत्र्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकविले. हा कुत्रा परक्यावर भुंकत आहे, की एकटा पडल्यामुळे, की खेळण्याच्या आनंदात, हे पुष्कळांना बऱ्याच अंशी ओळखता आले.

उंट निरुपद्रवी असतो; तो गेला, की कुत्राही शांत होतो. परंतु प्रत्येक पाहुणा असा नसतो. मुंबईच्या उत्तर भागात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील वन सुमारे १०० चौरस किलोमीटरचे असून त्याच्या चोहोंकडे दाट वस्ती आहे. २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत या वनात व त्याच्या आसपास ३५ बिबटे आढळले. रात्री भक्ष्याच्या शोधात बिबट्या वस्तीच्या रस्त्यापर्यंत येतो आणि बहुधा त्याची पहिली वर्दी कुत्रेच देतात. खेदाची गोष्ट अशी, की त्याच्या भक्ष्यांत कुत्र्यांचाच मोठा वाटा असतो. जो सावध करतो, त्याच्याच जिवाला अधिक धोका!

अशा वेळी काय करावे? भुंकणाऱ्या कुत्र्याला दगड मारून गप्प करू नये. वन्य प्राणी पाहण्यासाठी रस्त्यावर गर्दी तर मुळीच करू नये. चोहोंकडून घेरलेल्या प्राण्याला पळण्यास वाट उरली नाही, म्हणजे तो भयाने माणसावर झडप घालतो. वाट मोकळी असली, तर तो बहुधा आल्या पावली परततो. म्हणून आपण घरात राहावे, पाळीव कुत्र्यालाही आत घ्यावे आणि वडीलधाऱ्यांकरवी वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कुत्रा हजारो वर्षे मनुष्याच्या दारात पहारा देत आला आहे. वर्दी देण्याचे आपले काम तो चोख करतो. ती ऐकून विवेकाने वागणे आणि त्या मुक्या पहारेकऱ्याला जपणे, हे काम आपले आहे.

स्वाध्याय

१. उंट दिसण्यापूर्वीच कुत्र्याला त्याची चाहूल कशी लागते?
२. बिबट्याभोवती गर्दी करणे धोक्याचे का आहे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या कुत्र्याचे निरनिराळ्या प्रसंगी भुंकणे लक्षपूर्वक ऐका व त्यातील फरक आठ ओळींत लिहा.