बहुरूपी पु. ल. : एक अभ्यास

पु. ल. देशपांडे हे नाव उच्चारताच आपण सारे चटकन 'विनोदी लेखक' असे म्हणून मोकळे होतो. ते खोटे नाही, पण अपुरे मात्र आहे. पु. लं.चे लेखन हे मुळात एका नटाचे लेखन आहे, असे मला वाटते. हे मत बनण्यास माझी स्वतःचीच एक फजिती कारणीभूत झाली. ती पुढे सांगेनच. तत्पूर्वी या बहुरूपी कलावंताचा जीवनपट थोडक्यात पाहू.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरी व पार्ले येथे गेले. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. त्यांनी रवींद्रनाथांची 'गीतांजली' अभंगरूपात मराठीत आणली. शब्दांचे आणि सुरांचे संस्कार असे घरातच झाले. पु. ल. बी. ए. झाले ते आपल्या पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि एम. ए. सांगलीच्या विलिंग्डनमधून. पुढे त्यांनी बेळगाव आणि मुंबई येथे प्राध्यापकी केली, पण वर्गाच्या चार भिंतींत मावणारा हा माणूस नव्हता.

१९४७ च्या 'कुबेर' पासून त्यांची चित्रपटसृष्टीतील कारकीर्द सुरू झाली. नट, गायक, संवादलेखक, संगीतकार अशा अनेक नात्यांनी ते तेथे वावरले. 'देवबाप्पा' (१९५३) मधील 'नाच रे मोरा' या गीताची चाल त्यांचीच. त्याच वर्षीच्या 'गुळाचा गणपती' मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका या साऱ्या बाजू त्यांनी एकट्याने सांभाळल्या. पण यशाच्या ऐन भरात ते या क्षेत्रातून बाहेर पडले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर रुजू झाले. पुढे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि त्या प्रवासातून 'अपूर्वाई' हे पुस्तक मराठीला मिळाले.

रंगभूमीवरही त्यांची दृष्टी जगभर फिरत होती. गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार', बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' वरून 'ती फुलराणी', ब्रेख्तवरून 'तीन पैशाचा तमाशा' ही त्यांची रूपांतरे. यांपैकी एकातही परकेपणाचा वास येत नाही. भाषेवरून माणसाची पायरी ठरविणारा समाज आपल्याकडेही आहे, हे ओळखले म्हणूनच शॉची फुलवाली अस्सल मराठी बोलू शकली.

परंतु त्यांच्या अभिनयाचा खरा कस लागला तो 'बटाट्याची चाळ' मध्ये. १९५८ साली पुस्तकरूपाने आलेली ही चाळ १९६१ साली रंगमंचावर आली आणि ती अख्खी एका माणसाने उभी केली! इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्स आपल्या कादंबऱ्यांतील प्रसंगांचे जाहीर वाचन करीत असे आणि त्यासाठी लोक गर्दी करीत. एमलिन विल्यम्स या नटाने विसाव्या शतकात ती प्रथा पुन्हा जागविली. आपल्याकडे कीर्तनकार एकाच अंगरख्यात राजा, दासी आणि नारदही होतो. पु. लं.चा एकपात्री प्रयोग मला या दोन्ही परंपरांच्या संगमावर उभा दिसतो. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये ५२ पात्रे एकट्याने रंगविली, त्याची वाट या चाळीनेच मोकळी केली होती.

एकपात्री प्रयोगात नटाला वेश बदलण्याची सवड नसते. त्रिलोकेकर, नागूतात्या आढ्ये, आचार्य बर्वे यांना वेगळे करायचे ते आवाजाची पट्टी, बोलण्याची लय आणि शब्द यांवर. म्हणून पु. लं.च्या प्रत्येक पात्राची वाक्यरचना निराळी असते. नाव झाकून संवाद वाचा, बोलणारा कोण ते कळते. लेखणीमागे नटाचा कान होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता माझी फजिती. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी 'अंतू बर्वा' बसविला. ध्वनिमुद्रण इतक्या वेळा ऐकले की पु. लं.चा श्वासही पाठ झाला. प्रयोगाला हशा भरपूर पडला. पण गावात आलेल्या विजेचे अंतूला अप्रूप नाही, कारण उजेडात दिसणार ते दारिद्र्यच, या ठिकाणीही सभागृह हसले. तेथे शांतता पसरायला हवी होती. परीक्षक एवढेच म्हणाले, "तू पु. ल. छान केलेस. अंतू मात्र आला नाही."

ते वाक्य फार लागले. काही दिवसांनी ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून, नुसते पुस्तक घेऊन, मी तो लेख आजीला वाचून दाखविला. आजीचे माहेर कोकणातले. ती सुरुवातीला खळखळून हसली, मग हळूहळू गप्प झाली. शेवटी म्हणाली, "असेच होते रे आमच्याकडे." तेव्हा मला कळले, की अंतूचा तिरकसपणा हा त्याचा स्वभाव नसून त्याची ढाल आहे. पु. लं.नी त्याची नक्कल केली नव्हती. त्याचे दुःख आधी ऐकले होते. नक्कल आवाजाची होते, अभिनय माणसाचा करावा लागतो.

हसविणारा माणूस गंभीर प्रसंगी काय करतो, याचीही परीक्षा पु. लं.च्या वाट्याला आली. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचारासाठी सभांमधून बोलले. निवडणूक संपल्यावर पदाची अपेक्षा न ठेवता आपल्या कामाकडे परतले. प्रयोगांतून व पुस्तकांतून मिळालेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी प्रतिष्ठानामार्फत सत्कार्यांना दिला. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रालाही त्यांचा हात लागला होता. हिशेबाची काटेकोर बाजू सुनीताबाईंची. त्या नसत्या तर हा उधळ्या प्रतिभेचा माणूस इतका नेमका उभा राहता ना!

१९९० साली पद्मभूषण आणि १९९६ साली पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार त्यांना मिळाला. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९४६ साली याच तारखेला त्यांचा विवाह झाला होता.

आमच्या पिढीने पु. लं.ना रंगमंचावर पाहिले नाही. आमच्या हाती राहिली ती पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे. आवाज पाठ करणे सोपे आहे, मी तेच केले होते. आपल्या आळीतला, आपल्या घरातला अंतू बर्वा ओळखता येणे अवघड. यंदा मी पुन्हा स्पर्धेत उतरणार आहे. या वेळी सराव आजीसमोर चालू आहे. आणि ती कोठे हसायची थांबते, तिकडे माझे लक्ष आहे.