नवरंग : पावसाआधी येणारा पाहुणा



जूनमध्ये शाळा उघडते, त्याच सुमारास विदर्भाच्या जंगलांत नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारत नि श्रीलंकेत काढून तो इकडे घरटं बांधायला येतो. हिरवी पाठ, पंखावर निळा ठिपका, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली लाल रंग. पहाटे नि संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते.

नवरंग जमिनीवर उड्या मारत पालापाचोळा उलटतो, त्याखालचे किडे खातो. आपल्या यवतमाळकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेव्हा नवरंगाचं ताटच जळतं!

मुलांना विचारा, पाला न जाळता मोहफुलं कशी वेचता येतील? कुणी म्हणेल झाडून घेऊ, कुणी म्हणेल जुनी साडी अंथरू. हेच उत्तर त्यांना घरी सांगायला लावा.