आदामाचे तारण झाले काय?

(पाठ : उत्पत्ती ३, लूक ३:२३-३८, रोम ५:१२-२१)

आदामाची कथा कोकणकिनाऱ्यास नवी नव्हे. इ. स. १६१६ साली छापलेल्या थॉमस स्टीफन्सकृत ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात ती मराठी ओव्यांत आली आहे. आदामाच्या पापाविषयी आपण उपासनेत वारंवार ऐकतो. परंतु खुद्द आदामाचे पुढे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारतो.

दुसऱ्या शतकात ह्यावरून वाद झाला. सिरियाकडील तातियान हा विद्वान रक्तसाक्षी जस्टिन ह्याचा शिष्य. गुरूच्या मृत्यूनंतर तो मंडळीपासून निराळा झाला व आदामाचे तारण झालेच नाही, असे शिकवू लागला. आदामामध्ये सर्व मरतात, हे पौलाचे म्हणणे त्याने आधारास घेतले.

त्यास लिओन्सचा (हे शहर आजच्या फ्रान्सात आहे) बिशप इरेनियस ह्याने इ. स. १८० च्या सुमारास उत्तर दिले. तो म्हणतो की, शत्रूने प्रथम धरून नेला तो बाप. आता मुले सोडविली आणि बाप कैदेतच ठेविला, तर शत्रूचा पराभव झाला असे कसे म्हणावे? शिवाय देवाने शाप दिला तो सर्पाला व भूमीला, आदामाला नव्हे. जीवनाच्या झाडापासून त्यास दूर केले तेही दयेने, की पाप अमर होऊ नये. अंजिराची खरखरीत पाने नेसणे हे पश्चात्तापाचे चिन्ह, असेही तो म्हणतो. हे मात्र आम्हांस थोडे ओढून आणलेले वाटते. लाज वाटणे निराळे, पश्चात्ताप निराळा.

त्याचा मुख्य विचार समजण्यास हातखंब्याचा तिठा पाहावा. संगमेश्वराकडून रत्नागिरीस निघालेला मनुष्य तेथे न वळता पालीच्या वाटेस लागला, तर कितीही भरभर चालला तरी रत्नागिरी जवळ येत नाही. त्यास तिठ्यापर्यंत माघारी यावेच लागते. इरेनियसच्या मते ख्रिस्त मनुष्यजातीसाठी असाच मूळ ठिकाणी गेला. बाल्यापासून मरणापर्यंत मनुष्याचे सारे आयुष्य त्याने पुन्हा आक्रमिले. एका झाडापाशी आज्ञा मोडली गेली होती, ती वधस्तंभाच्या लाकडावर पाळली गेली. म्हणूनच मत्तय वंशावळी अब्राहामापासून खाली आणतो, पण लूक ती येशूपासून वर आदामापर्यंत नेतो. इरेनियस तीत ७२ पिढ्या मोजतो.

आमच्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबांत हा केवळ पंडितांचा प्रश्न नाही. आमचे आजेपणजे सुवार्ता न ऐकताच गेले, त्यांचे काय, असे म्हातारी माणसे विचारतात. इरेनियसने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात लिहिले आहे की, ख्रिस्त केवळ तिबेर्य कैसराच्या काळातील लोकांसाठी आला नाही; आरंभापासून ज्यांनी ज्यांनी आपल्या शक्तीप्रमाणे देवाचे भय धरिले, त्याजवर प्रीती केली व शेजाऱ्याशी न्यायाने वागले, त्या सर्वांसाठी तो आला. अमुक एका पूर्वजाविषयी तो निवाडा देत नाही; आम्हीही देत नाही. परंतु असे विचारणाऱ्या म्हातारीस तातियानाचे उत्तर कोणी देऊ नये.