बांधणे, जोडणे, जखडणे : एका इंग्रजी क्रियापदाचे पर्याय आणि मराठी व्यवहार

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. तथापि बँकांची कर्जपत्रे, यंत्रसामग्रीच्या माहितीपुस्तिका, निविदांचे नमुने आणि अनेक कायद्यांचे मूळ पाठ आजही इंग्रजीतून हाती येतात. त्यांचा आशय लोकांना मराठीत समजावून देण्याचे काम कचेरीतील लिपिकाकडे, गावातील शिक्षकाकडे किंवा ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे येते. अशा वेळी अवघड पारिभाषिक संज्ञा कोशात सापडतात; घोटाळा होतो तो साध्या दिसणाऱ्या शब्दांबाबत. एखादी वस्तू सुटू नये अशी पक्की करणे, या अर्थाचे ‘फासन’ हे क्रियापद आणि त्याचे पर्यायी शब्द हे याचे बोलके उदाहरण होय.

शब्दाचे मूळ

या शब्दाच्या लेखनात ‘ट’साठी असलेले अक्षर उच्चारात येत नाही. ‘ऐकणे’ या अर्थाच्या ‘लिसन’ या शब्दातही असेच घडते. म्हणून ‘फास्टन’ नव्हे, ‘फासन’ असा उच्चार विद्यार्थ्यांच्या कानावर घालणे इष्ट आहे. मूळ शब्द ‘फास्ट’. त्याचा जुना अर्थ वेगवान असा नसून घट्ट, पक्का असा आहे. न विटणाऱ्या रंगाला इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणतात तो याच अर्थाने. उपवासाला असलेला ‘फास्ट’ हा शब्दही याच कुळातील आहे. नियम घट्ट धरून राहणे ही त्यामागील कल्पना. मराठीतही उपवास ‘धरला’ जातो, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

तात्पर्य, ‘फासन’ हा शब्द वस्तू पक्की झाली एवढेच सांगतो. ती कशी पक्की झाली हे सांगत नाही. ते सांगण्यासाठी इंग्रजीत अनेक क्रियापदे आहेत. कोशात ती ‘समानार्थी’ म्हणून एका ओळीत बसलेली असली, तरी व्यवहारात एकाची जागा दुसऱ्याला घेता येतेच असे नाही.

तीन प्रश्नांची कसोटी

योग्य शब्द निवडण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. कशाने बांधले? कशाशी बांधले? आणि ते सोडविण्याचा अधिकार कोणाचा?

पहिला प्रश्न साधनाचा. दोरीने गाठ मारून बांधणे म्हणजे ‘टाय’. सभोवार वेढा घालून आवळणे म्हणजे ‘बाइंड’. लाकडाची मोळी, पुस्तकाची बांधणी आणि जखमेवरील पट्टी या सर्वांना हा शब्द चालतो. हे क्रियापद आणि संस्कृत ‘बन्ध्’ हा धातू एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. त्यामुळे कायद्यातील ‘बाइंडिंग’साठी ‘बंधनकारक’ हा शब्द मराठीत सहज रुळला. काही वेळा साधनाचे नावच क्रियापद होते : ‘बटन’ म्हणजे गुंडी लावणे, ‘बकल’ म्हणजे बक्कल लावणे, ‘बोल्ट’ म्हणजे दाराला अडसर घालणे.

दुसरा प्रश्न आधाराचा. जनावर दाव्याने खुंट्याला बांधले, परंतु चरण्यापुरती मोकळीक ठेवली, तर ‘टेदर’. बैल गाडीला जुंपले किंवा ट्रॉली ट्रॅक्टरला जोडली, तर ‘हिच’. होडी धक्क्याला बांधली, तर ‘मूर’. तीच नांगर टाकून पाण्यात उभी केली, तर ‘अँकर’. येथे मराठी भाषा मुळीच उणी पडत नाही. बैल दाव्याला बांधतात, गाडीला जुंपतात; जहाज नांगरतात; कागद टाचतात, तिकीट डकवतात. एका ओढीत सुटणारी सुरगाठ आणि सहजी न सुटणारी निरगाठ हा भेद तर शेतकऱ्याच्या घरातील मुलालाही ठाऊक असतो.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि शासनव्यवहारात तोच सर्वांत महत्त्वाचा. दाराची कडी कोणीही काढू शकतो. कुलूप किल्लीवाल्यालाच उघडता येते. ‘सील’ म्हणजे मोहोर मात्र अधिकृत व्यक्तीनेच फोडावयाची असते. लाखेची मोहोर बळाने काही अडवून धरीत नाही. मध्यंतरी कोणी हात लावला असल्यास ते उघड करते, एवढेच तिचे काम. म्हणूनच ‘मोहोरबंद निविदा’ आणि ‘बंद लिफाफ्यातील निविदा’ यांत फरक आहे.

चूक महाग पडते ती येथे

‘अटॅच’ हा शब्द घ्या. पत्राच्या शेवटी तो आला, तर ‘सोबत जोडले आहे’ हे भाषांतर बिनचूक ठरते. परंतु वसुलीच्या आदेशात तोच शब्द ‘जप्त करणे’ असा अर्थ घेऊन येतो. इंग्रजीत हा कायदेशीर अर्थच आधी रूढ झाला आणि ‘जोडणे’ हा अर्थ मागाहून आला. एखाद्या नोटिशीचा अर्थ सांगताना कोणी ‘आपली मालमत्ता प्रकरणाशी जोडण्यात येत आहे’ असे सांगितले, तर ऐकणारा निर्धास्त घरी जाईल. वास्तविक दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० ने त्याला काही संरक्षण दिले आहे. आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण व स्वयंपाकाची भांडी, तसेच उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील अशी शेतीची अवजारे, गुरे आणि बियाणे जप्तीतून वगळलेली आहेत. परंतु जप्ती येत आहे हेच ज्याला कळले नाही, तो हे संरक्षण मागणार तरी कसा?

दुसरा शब्द ‘सिक्युअर’. लॅटिन भाषेत याचा मूळ अर्थ ‘काळजीविना’ असा आहे. प्रश्न इतकाच, की काळजी कोणाची मिटली? ‘सिक्युअर्ड लोन’ याचे ‘सुरक्षित कर्ज’ असे भाषांतर केले, तर हे कर्ज आपल्यासाठी सुरक्षित आहे, असा कर्जदाराचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात सुरक्षितता मिळते ती कर्ज देणाऱ्याला. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यान्वये बँकेला थकीत कर्जाबाबत साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही, तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. शेतजमीन या तरतुदीतून वगळलेली आहे. अशा कर्जाला ‘तारणी कर्ज’ हा जुना मराठी शब्दच योग्य. तो ऐकताच आपण काहीतरी गहाण ठेवीत आहोत, याची जाणीव होते.

तिसरे उदाहरण जिवाशी निगडित आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मध्ये दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाची व्याख्या दिलेली आहे. त्याचा आकार व बनावट अपघातात संरक्षण देणारी असावी, एवढ्यावर ती थांबत नाही. ते पट्ट्याने किंवा त्यास असलेल्या अन्य बंधनाने डोक्याला सुरक्षितपणे बांधलेले असले पाहिजे, अशी दुसरी अट तीत आहे. ‘सिक्युअर’ आणि ‘फासन’ हे दोन्ही शब्द येथे एकत्र आले आहेत. सूचनाफलकावर मात्र बहुधा ‘हेल्मेट घाला’ एवढेच लिहिलेले आढळते. टोपी घालतात, हेल्मेट घालून त्याचा पट्टा आवळून बांधावयाचा असतो. पट्टा मोकळा असलेले हेल्मेट धडकेच्या क्षणी डोक्यावरून निसटू शकते आणि कायद्याच्या दृष्टीनेही ते शिरस्त्राण ठरत नाही. एक क्रियापद गाळले, तर सूचनेतील प्राणच जातो.

वर्गात आणि कचेरीत

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. पर्यायी शब्दांची यादी पाठ करवून घेण्याऐवजी शिक्षकांनी दप्तराचा बंद, खिडकीची कडी, बैलाचे दावे, शिक्का मारलेले पाकीट अशा वस्तू किंवा त्यांची चित्रे मुलांपुढे ठेवावीत. प्रत्येकाचे मराठी क्रियापद मुलांकडून आधी वदवून घ्यावे आणि मगच इंग्रजी शब्द द्यावा. आपल्या भाषेतील भेद ज्याला स्पष्ट दिसतो, त्याला परभाषेतील भेद परका वाटत नाही.

कचेरीतील भाषांतरासाठीही एक सोपी परीक्षा आहे. मजकूर तयार झाल्यावर तो विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला वाचून दाखवावा आणि ‘आता काय करावयाचे?’ असे विचारावे. तिला बरोबर उत्तर देता आले, तर शब्द जागच्या जागी बसले असे समजावे. न आल्यास गाठ कोठे सैल राहिली, ते शोधून ती पुन्हा बांधावी.