‘ध’चा ‘मा’ नेमका कोणी केला?

मित्रांनो, माझं गाव असोदा. जळगावच्या अगदी जवळ, बहिणाबाई चौधरींचं माहेर. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री ओट्यावर आजी नारायणराव पेशव्यांची गोष्ट सांगायची. ‘काका, मला वाचवा’ आलं की आम्ही पोरं गोधडी डोक्यावर ओढायचो. आठवीत असताना मी शहाणपणा दाखवला, “आजी, आनंदीबाईनंच धचा मा केला ना?” आजी म्हणाली, “म्हन्तात तसं. पन तो कागद कोनी पाह्यला व्हता रे भाऊ?”

तो प्रश्न आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी पक्कं काय माहीत आहे ते पाहू. थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले आणि धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, भरदुपारी गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले आणि तिथेच मारले गेले. वय फक्त १८! म्हणजे आपल्या एफ.ई.च्या पोराएवढं.

मग राघोबादादा पेशवे झाले. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून त्यांनाच दोषी धरलं आणि पद सोडलं. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला. तेच सवाई माधवराव. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यातून पेटलेलं युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानं थांबलं. एका खुनाची ही किंमत.

म्हणजे मारणारे हात कोणाचे, ते माहीत आहे. अडतं ते एका शब्दावर. काकांचा हुकूम ‘धरावे’ असा होता की ‘मारावे’? लोककथा सांगते की आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. आता आपण इंजिनीअर लोक, जरा तपासून पाहू.

एक, मूळ कागद. तो आज कोणालाच समोर ठेवता येत नाही. नेटवर्क्सच्या विषयात आपण शिकतो की मेसेज वाटेत बदलला का, हे ठरवायला सोबत पडताळणीचं काहीतरी लागतं. इथे तर मेसेजच हाती नाही.

दोन, लिपी. आपण देवनागरीतला ‘ध’ आणि ‘म’ डोळ्यांपुढे आणतो आणि म्हणतो, सोपं आहे की! पण त्या काळी दफ्तराचं लिखाण मोडीत चाले. वहीत देवनागरी ‘ध’ खोडून पाहिल्यानं काहीच सिद्ध होत नाही.

तीन, फायदा कोणाचा? अक्षर बाईंनी बदललं असेल, तर काकांचा गुन्हा फक्त पुतण्याला पकडण्याएवढाच उरतो. ही गोष्ट बाईंना बुडवते आणि दादांना वाचवते! आनंदीबाईंवर खटला चालून दोष कधी शाबीत झाला नाही. पण भाषेनं शिक्षा देऊन टाकली. ‘धचा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण शाळेत पाठ केला.

अशा गोष्टींचं लोकांना वेड का असतं? लंडनच्या टॉवरमध्ये १४८३ साली १२ वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा ९ वर्षांचा भाऊ असेच नाहीसे झाले. तिथेही संशय काकावरच, तिसऱ्या रिचर्डवर. लोक अजून भांडतात. आपल्याकडे १९४४ मध्ये प्रभातनं ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला आणि शनिवारवाड्यात रात्री हाक ऐकू येते ही दंतकथा तर पुण्याला जाणारा प्रत्येक जण ऐकून येतो. मला वाटतं, रिकामी जागा माणसाला सहन होत नाही. पुरावा नसला की आपण तिथे गोष्ट भरतो.

आणि हे फक्त इतिहासात घडतं असं नाही. मागच्या सेमला आमच्या विंगमध्ये एकाचा मोबाईल गेला. एक एफ.ई.चा मुलगा त्या वेळी कॉरिडॉरमध्ये दिसला होता, बस्स. रात्रीच्या जेवणापर्यंत ‘दिसला’चं ‘उचलताना दिसला’ झालं. मी स्वतः ते दोघांना सांगितलं. चौथ्या दिवशी मोबाईल धोब्याकडे गेलेल्या चादरीत सापडला. तोपर्यंत तो मुलगा मेसला यायचा बंद झाला होता. मी खोलीवर जाऊन माफी मागितली. तो “ठीक आहे” म्हणाला, पण अजूनही डबा खोलीवरच मागवतो. त्याचंही वय १८.

त्या दिवशी धचा मा कोणी केला? आम्ही सगळ्यांनी थोडा थोडा. म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कोणाविषयी काही ऐकलंत, तर पुढे सांगण्याआधी माझ्या आजीचा प्रश्न एकदा विचारा: “तो कागद कोनी पाह्यला व्हता रे भाऊ?”