चालढकलीवर मात : जपानी मानसशास्त्राचा धडा



आपल्या वस्त्यांमध्ये आळशी माणसे फार नाहीत. टेंभीपाड्यापासून हनुमान टेकडीपर्यंत कोठेही पाहा. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, गर्दीची लोकल पकडणाऱ्या आणि रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसांनीच ही घरे उभी केली आहेत. तरीही कष्टाळू माणसातसुद्धा एक दोष आढळतो. त्याचे नाव चालढकल. आळशी माणूस काहीच करीत नाही. चालढकल करणारा मात्र दिवसभर कामात असतो आणि जे काम सर्वांत निकडीचे आहे तेवढेच नेमके उद्यावर टाकतो. परीक्षा तोंडावर आली असताना वह्यांना कव्हर घालीत बसणारा विद्यार्थी हे याचे चांगले उदाहरण होय.

या दोषाची किंमत किती असते, हे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला रोज दिसते. नॉमिनीचा फॉर्म भरण्यास पाच मिनिटे लागतात. तो भरायचा राहून जातो आणि खातेदाराच्या पश्चात त्याच्या पत्नीला वारसाच्या कागदपत्रांसाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालावे लागतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरचा पूर्ण महिना असतो, पण रांग लागते ती शेवटच्या दोन दिवसांत. ज्या खात्यात दहा वर्षे कोणताही व्यवहार झाला नाही, त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेप्रमाणे ठेवीदारांसाठीच्या एका निधीत वर्ग होते. ती परत मागता येते, परंतु त्यासाठी पुन्हा अर्ज आणि पुरावे आलेच. ही खाती काही श्रीमंतांचीच नसतात. त्यांत मोलमजुरी करून साठविलेले पैसेही असतात.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे नुकसान अधिक मोठे असते. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला नाही, कास्ट व्हॅलिडिटीचा अर्ज लांबणीवर टाकला, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा राहिला, तर प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हातची जाते. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. ज्याच्या वडिलांकडे पैसा आहे, त्याचे एक वर्ष गेले तरी निभावते. आपल्या मुलामुलींचे तसे नाही. म्हणून हा विषय आपल्यासाठी केवळ चांगल्या सवयींचा नसून भाकरीचा आहे.

मग माणूस चालढकल का करतो? बहुतेकदा तो मनाची वाट पाहत असतो. “आज मूड नाही”, “मन लागले की बसेन”, “थोडे टेन्शन कमी होऊ दे” ही वाक्ये घराघरांत ऐकू येतात. ही सबब नवी नाही. भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, त्यात काम टाळणाऱ्याच्या सहा सबबी सांगितल्या आहेत. त्याला कधी फार थंडी असते, कधी फार ऊन असते. कधी फार उशीर झालेला असतो, तर कधी अजून फार लवकर असते. कधी पोटात भूक असते, तर कधी जेवण जास्त झालेले असते. अडीच हजार वर्षांनंतर आपण या यादीत फक्त मोबाईलची भर घातली आहे. बुद्धविचारात अप्रमादाला मोठे स्थान आहे. धम्मपदाचा दुसरा वग्ग याच विषयाला वाहिलेला आहे.

अप्रमादाचे महत्त्व आपल्याला पटते, पण तो रोजच्या जगण्यात आणावा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विसाव्या शतकातील जपानमधील तीन विचार उपयोगी पडतात.

पहिला विचार डॉ. शोमा मोरिता (१८७४–१९३८) यांचा. ते टोकियो येथील मनोविकारतज्ज्ञ होते. सतत चिंता करणाऱ्या, स्वतःच्याच मनाकडे पाहत बसणाऱ्या रुग्णांसाठी १९१९ च्या सुमारास त्यांनी एक उपचारपद्धती तयार केली. झेन विचाराशी तिचे नाते सांगितले जाते. या पद्धतीत रुग्णाला प्रथम काही दिवस पूर्ण विश्रांती देत. नंतर हलकी कामे, मग कष्टाची कामे आणि शेवटी नेहमीचे जीवन, अशा चार पायऱ्या असत. चिंता आधी घालवू आणि मग कामाला लागू, हा क्रमच त्यांनी बदलला. भावना आपल्या हुकमात नसतात. त्या पावसासारख्या येतात आणि जातात. हातपाय मात्र आपल्या ताब्यात असतात. भीती वाटते तर वाटू द्यावी, कंटाळा आला तर येऊ द्यावा, जे आहे ते आहे तसे मान्य करावे आणि समोरचे काम करावे. या स्वीकाराला जपानी भाषेत ‘अरुगामामा’ म्हणतात. पाऊस थांबेपर्यंत भांडुप स्टेशनवर कोणी उभा राहत नाही. छत्री उघडतो आणि चालू लागतो. अभ्यासाचेही तसेच आहे. मन लागल्यावर बसायचे नसते, कारण बसल्यावरच मन लागते.

दुसरा विचार ‘नाइकान’ पद्धतीचा. नाइकान म्हणजे आत पाहणे. इशिन योशिमोतो (१९१६–१९८८) या व्यावसायिकाने एका बौद्ध पंथातील कठोर आत्मपरीक्षणाच्या साधनेतून सर्वसामान्यांना करता येईल अशी ही पद्धत बनविली. पुढे ती जपानच्या तुरुंगांतही वापरली गेली. तीत जवळच्या एकेका व्यक्तीबद्दल स्वतःला तीन प्रश्न विचारायचे असतात. या व्यक्तीकडून मला काय मिळाले? मी तिला काय दिले? माझ्यामुळे तिला कोणता त्रास झाला? चालढकलीच्या संदर्भात तिसरा प्रश्न फार मोलाचा आहे. मी माझे काम उशिरा करतो, त्यात दुसऱ्याचे काय गेले, असे आपण म्हणतो. पण शेवटच्या दिवशी दाखल्यासाठी अर्धी रजा टाकून धावणारे वडील कोणाच्या कामासाठी धावतात? ऐनवेळी शेजाऱ्याकडून उसने पैसे आणणारी आई कोणाची फी भरते? आपली दिरंगाई नेहमी दुसऱ्या कोणाला तरी निस्तरावी लागते, हे या प्रश्नाने लक्षात येते. मात्र हे प्रश्न स्वतःला दोष देत बसण्यासाठी नाहीत. ते पुढचे पाऊल उचलण्यासाठी आहेत.

तिसरा विचार ‘कायझेन’. हा खरे तर मानसशास्त्राचा नसून कारखान्यांतून आलेला विचार आहे. रोज थोडी सुधारणा करीत राहणे हा त्याचा गाभा होय. मासाकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर पोहोचला. भांडुपकरांना तो अगदीच परका नाही. आपल्या परिचयाच्या सिएट टायर कंपनीला २०१७ साली गुणवत्तेसाठीचा डेमिंग पुरस्कार मिळाला. जपानमधील शास्त्रज्ञ व अभियंत्यांची संघटना तो देते. गुणवत्तेच्या या मार्गात कामगाराने सुचविलेल्या लहानशा सुधारणेलाही किंमत असते. मोठ्या कामाची भीती वाटते म्हणून आपण ते टाळतो. त्याचा तुकडा इतका लहान करावा की भीतीला जागाच उरू नये.

हे सारे जपानचे झाले. आपल्याकडे याचे उदाहरण आहे काय? आहे, आणि ते फार मोठे आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. अपुरा अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी मिळविली होती. ज्या बोटीतून त्यांचे सामान व पुस्तके येत होती, ती युद्धात बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळाली नाही. अपमानच वाट्याला आला. मन लागावे अशी परिस्थिती होती कुठे? बाबासाहेबांनी मन शांत होण्याची वाट पाहिली नाही. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली, मुदत संपण्यापूर्वी, लंडनला परतले. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी मिळविली. ध्येय पक्के, तारीख ठाऊक आणि आज जे शक्य आहे ते आज, अशी ही रीत आहे. घरात अभ्यासाला जागा नाही म्हणणाऱ्यांनी परळच्या डबक चाळीतील त्यांची एक खोलीही आठवावी. घर झोपल्यावर, रात्री दोन वाजता उठून त्यांनी तेथे अभ्यास केला, असे चरित्रकार सांगतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू.

१. काम लिहून काढा आणि त्यापुढे शेवटची तारीख लिहा. त्याखाली पहिली कृती लिहा. ‘व्हॅलिडिटी करायची आहे’ ही कृती नव्हे. ‘शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढणे’ ही कृती होय.

२. रोज एकच वेळ व एकच जागा ठरवा. सुरुवात पंधरा मिनिटांनी करा. तेवढा वेळ मोबाईल आईकडे द्या. घरी गोंगाट असेल तर अभ्यासिकेत जा.

३. कंटाळा आला तर वहीच्या समासात ‘कंटाळा आला आहे’ असे लिहा आणि पुढची ओळ वाचा. त्याच्याशी भांडू नका.

४. रात्री झोपण्यापूर्वी नाइकानचे तीन प्रश्न घरातील एका माणसाबद्दल स्वतःला विचारा.

५. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याचा संकल्प करू नका. ठरलेली पंधरा मिनिटेच बसा. दुप्पटीचे संकल्प बहुधा दोन दिवसांत मोडतात.

पालकांनाही एक विनंती आहे. काम न करणारा प्रत्येक मुलगा चालढकल करीत असतो असे समजू नका. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण सुटले असेल, आवडत्या गोष्टीतही रस राहिला नसेल, तर तो आजार असू शकतो. तेथे उपदेशाचा उपयोग नाही. डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी आहे.

तात्पर्य असे की, मनावर ताबा मिळविणे अवघड आहे, पण पुढच्या पंधरा मिनिटांवर ताबा मिळविणे कोणालाही शक्य आहे. हा लेख वाचून झाला की बँकेचे पासबुक काढा आणि त्यावर नॉमिनीची नोंद आहे का ते पाहा. विद्यार्थ्यांनी आपल्या फॉर्मची शेवटची तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. एवढे झाले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.