लेसरनें चष्मा जातो काय?

विद्यार्थिमित्रहो, गेल्या दिवाळीनंतर अकरावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी वडिलांस घेऊन मजकडे आला. नांदेड जिल्ह्यांतील एका खेड्याचें हें शेतकरी कुटुंब. मुलाच्या डोळ्यांवर उणे तीन नंबरचा चष्मा. २०१६ च्या एप्रिलांत पिण्याचें पाणी घेऊन मिरजेहून लातुरास आगगाडी आली होती. तिची हकीकत ऐकल्यापासून आगगाडीचा चालक होण्याचा ध्यास ह्या मुलानें घेतला होता. वडील म्हणाले, "गुरुजी, सोयाबीनचे पैसे हातीं आले आहेत. त्यांतून ह्याच्या डोळ्यांचें लेसर करून टाकावें म्हणतों. चष्मा गेला म्हणजे रेल्वेंत अडचण उरणार नाहीं ना?"

मीं त्यांस बसवून घेतलें. त्या दिवशीं झालेलें बोलणें अनेक घरांच्या उपयोगाचें आहे, म्हणून तें येथें देत आहें.

प्रथम डोळ्याची रचना पाहूं. डोळ्याच्या अगदीं पुढें, घड्याळावरील कांचेसारखें, एक पारदर्शक पटल असतें. त्यास पारपटल म्हणतात. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यांत शिरणारे किरण वांकविण्याचें सुमारें दोनतृतीयांश काम हें पटल करतें. उरलेलें काम आंतील भिंगाचें. निकटदृष्टितेंत बहुधा डोळ्याचा गोल किंचित् लांब असतो. त्यामुळें प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते व फळ्यावरील अक्षरें धूसर दिसतात. चष्म्याची अंतर्वक्र कांच किरण थोडे फांकवून हा दोष सुधारते. लेसर किरणांनीं पारपटल मध्यभागीं किंचित् सपाट केलें असतां तोच परिणाम होतो. डोळ्याची लांबी मात्र होती तशीच राहते. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

ह्या उपचारामागील शोधांत एका भारतीयाचा मोठा वांटा आहे, हें वाचून तुम्हांस अभिमान वाटेल. मद्रास विद्यापीठांत शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन् हे अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करीत असत. १९८१ च्या नोव्हेंबरांत, सणाच्या मेजवानींत उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर त्यांनीं एक्सायमर लेसरचे अतिनील किरण सोडून पाहिले. आजूबाजूचा भाग मुळींच न करपतां स्वच्छ रेघ कोरली गेली. १९८३ सालीं डॉ. स्टीफन ट्रोकेल ह्यांच्यासह त्यांनीं हाच प्रयोग पारपटलावर केला. ह्या किरणांचा एक स्पंद मिलिमीटरच्या सुमारें चार हजाराव्या भागाएवढाच थर काढतो. इतकी सूक्ष्मता कोणत्याही सुरीस साधणारी नाहीं.

आपल्याकडे डोळ्याच्या कोणत्याही शस्त्रक्रियेस सरसकट 'लेसर' म्हणण्याची चाल पडली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अगदीं निराळी. तींत गढूळ झालेलें आंतील भिंग काढून कृत्रिम भिंग बसवितात. लातूर जिल्ह्यांतील माकेगांवचे पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने ह्यांनीं लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या त्या मोतीबिंदूच्या. आजोबांची दृष्टि परत आली म्हणून नातवानेंही तेंच करावें, हा विचार चुकीचा आहे.

आतां प्रत्यक्ष उपचार. खरी महत्त्वाची असते ती आधींची तपासणी. पारपटलाची जाडी व उंचसखलपणा, अश्रूंचें प्रमाण, बाहुलीचा विस्तार व दृष्टिपटल हीं सर्व पाहतात. त्यापूर्वीं कांहीं दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवावी लागते, नाहींतर माप चुकतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं थेंब घालून डोळा बधिर करतात. रुग्ण जागा असतो. पापण्या एका चिमट्यानें उघड्या धरतात. लॅसिक पद्धतींत पारपटलाचा वरचा पातळ पापुद्रा एका कडेस जोडलेला ठेवून उचलतात. त्या वेळीं डोळ्यावर दाब जाणवतो व क्षणभर अंधारून येतें. मग समोरील दिव्याकडे टक लावून पाहावयाचें. किरणांचें काम बहुधा मिनिटाच्या आंत आटोपतें. थोडा जळका वास येतो, त्यास भिऊं नये. शेवटीं पापुद्रा जागच्या जागीं बसवितात. टांका लागत नाहीं. दुसऱ्या एका पद्धतींत पापुद्रा न करतां वरची नाजूक त्वचाच काढतात. तींत कांहीं दिवस वेदना होतात व दृष्टि सावकाश स्थिरावते.

लॅसिकनंतर कांहीं तास डोळे चुरचुरतात, पाणी येतें. दुसऱ्या दिवशीं बहुतेकांस स्पष्ट दिसूं लागतें. तथापि डोळे मुळींच चोळूं नयेत, पाणी जाऊं देऊं नये, थेंब नियमानें घालावेत, आणि मळणीच्या धुळीपासून दूर राहावें. कांहीं महिने डोळे कोरडे वाटतात. रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात. कोणाचा थोडा नंबर शिल्लक राहतो. जंतुसंसर्ग होणें किंवा पारपटल दुबळें होऊन पुढें येणें असे गंभीर प्रकार क्वचित् घडतात, पण घडतात.

अठरा वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं आणि नंबर निदान एक वर्ष स्थिर राहिल्यावांचून हा उपचार करूं नये. वाढत्या वयांत डोळ्याची लांबी वाढतच असते. आज कोरलेलें माप उद्यां अपुरें पडतें. पारपटल पातळ वा शंकूसारखें असल्यास, डोळे फार कोरडे असल्यास, अथवा गर्भारपणांत व अंगावर पाजण्याच्या काळांत हा उपचार वर्ज्य आहे. लग्न जमावें म्हणून मुलीच्या डोळ्यांस घाई करणाऱ्या पालकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. शिवाय चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुधा लागतोच. मोठा नंबर असलेल्यांच्या दृष्टिपटलास असलेला धोकाही लेसरनें टळत नाहीं. म्हणून तपासणी चालूच ठेवावी. शस्त्रक्रियेपूर्वींचे कागद जपून ठेवावे. पुढें मोतीबिंदू झाल्यास भिंगाचें माप काढतांना ते उपयोगीं पडतात.

हें सांगून मीं रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाची जाहिरात काढली. आम्हीं तिघांनीं वैद्यकीय अटी वाचल्या. चष्म्यावांचून दृष्टि पूर्ण असली पाहिजे, आणि लॅसिक झालेला उमेदवार चालत नाहीं, असें तींत स्पष्ट लिहिलेलें होतें. मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. त्याचें दुःख खोटें नव्हतें, म्हणून मीं त्यास खोटा धीर दिला नाहीं. एवढेंच म्हणालों, "गाडी एकट्या चालकानें चालत नाहीं. चष्मा लावून करतां येतील अशीं कामें रेल्वेंत पुष्कळ आहेत." वडिलांनीं पैशांची पिशवी पुन्हां खिशांत घातली. कांहीं दिवसांनीं तो मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशाची चौकशी करण्यास आपण होऊन आला.

मित्रहो, लेसर वाईट नाहीं. योग्य वयांत, योग्य डोळ्यावर तें मोठें वरदान आहे. परंतु प्रथम तपासणी, मग निर्णय, आणि नोकरीचा हेतु असेल तर त्याहीपूर्वीं नियमांचें वाचन, हा क्रम सोडूं नका. तोंवर चष्मा निःसंकोच वापरा आणि रोज कांहीं वेळ उघड्यावर खेळा. सूर्यप्रकाशांत वावरणाऱ्या मुलांत निकटदृष्टिता कमी आढळते. चष्म्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.